प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये टाकण्याआधी

प्रति,
राज्यातील शासकीय व महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांचे सर्व अधिष्ठाता,
आणि तिथल्या रुग्णालय संसर्ग नियंत्रण समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

वॉर्डात सापडलेले जंतू फेकून न देता जपून ठेवा, हे सांगायला हे पत्र. सुरुवात एका सिस्टरच्या बदलीपासून करते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, गावही नाही. गोष्ट जुनी आहे आणि तिच्यातली बहुतेक माणसं माझ्यासारखीच आता निवृत्त आहेत.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नऊ दिवसांत पाच बाळांच्या रक्तात क्लेब्सिएला हा जिवाणू निघाला. दोन बाळं गेली. पुढे जे नेहमी होतं तेच झालं. विभाग रिकामा केला, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावून फॉर्मॅलिनची धुरी दिली, पेपरात बातमी आली, आणि एका दुपारी माझ्या प्रयोगशाळेच्या टेबलावर त्रेसष्ट स्वॅब येऊन पडले. फरशी, भिंत, एसीची जाळी, दाराची मूठ, वजनकाटा, शिवाय झाडून सगळ्या कर्मचाऱ्यांचे हात. त्रेसष्टांपैकी एकात क्लेब्सिएला उगवला. तो एका सिस्टरच्या हातावरचा होता.

चौकशी समितीला हवं होतं ते मिळालं. आठवड्याभरात सिस्टरची बदली झाली. आदेशात कारण 'प्रशासकीय' होतं, पण कँटीनमध्ये तिच्याबद्दल काय बोललं जात होतं ते इथे लिहवत नाही. त्या समितीत मी होते. अहवालावर माझी सही आहे.

माझ्या एका रेसिडेंटने थिसिससाठी पाचपैकी दोन बाळांचे जिवाणू स्टॅबमध्ये, म्हणजे जंतूंच्या घट्ट खाद्याने (अगारने) भरलेल्या छोट्या कुप्यांत, घालून ठेवले होते. सिस्टरच्या हातावरचाही तिने ठेवला होता, कुणी सांगितलं नसताना. चार महिन्यांनी एका संशोधन संस्थेत ओळख काढून आम्ही ते तिन्ही टायपिंगला, म्हणजे कोण कुणाच्या घरचा ते काढायला, दिले. त्यांच्या डीएनएच्या पट्ट्यांचा, जेलचा फोटो हातात आला तेव्हा वाचायला कुणाची मदत लागली नाही. दोन बाळांच्या पट्ट्या एकीवर एक बसत होत्या. सिस्टरचा क्लेब्सिएला सर्वस्वी वेगळा होता.

मग खरा उगम कुठे होता? ते आजही माहीत नाही. उरलेल्या तीन बाळांच्या प्लेट्स, म्हणजे जंतू उगवलेल्या बशा, नियमानुसार पाचव्या दिवशी ऑटोक्लेव्ह होऊन (दाबाच्या वाफेत निर्जंतुक होऊन) कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेल्या होत्या. ज्या सलाइनच्या बाटल्यांतून दिवसभर औषधं पातळ केली जात, त्या धुरीच्या आदल्या रात्रीच फेकल्या होत्या. सक्शनच्या बाटलीतलं पाणीही ओतून दिलं होतं. अहवाल दुरुस्त करावा म्हणून मी पत्र दिलं. ते फाइलला लागलं.

म्हणून हे पत्र. मागणी छोटी आहे आणि ती यंत्राची नाही. पण आधी थोडं टायपिंगबद्दल सांगते, कारण समितीत सर्जन असतात, मेट्रन असतात, लेखा विभागाचे अधिकारीही असतात, आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, "क्लेब्सिएला तो क्लेब्सिएला, त्यात अजून काय शोधायचं?"

क्लेब्सिएला हे आडनाव आहे. कोल्हापूरच्या एसटीत चढून "पाटील कोण?" विचारलं तर निम्मी गाडी हात वर करेल. त्यावरून ते सगळे एका घरचे ठरत नाहीत. हा पाटील कोणत्या गावचा, कोणत्या वाड्यातला, तो आणि हा सख्खे भाऊ की नुसते आडनावबंधू, हे काढणं म्हणजे टायपिंग. क्लेब्सिएला माणसाच्या आतड्यात सुखाने नांदतो, सिंकच्या जाळीत नांदतो, कुणाच्याही हातावर तासभर पाहुणा असतो. त्रेसष्ट स्वॅबांत तो एकदाच सापडला याचंच खरं तर आश्चर्य वाटायला हवं होतं. (उद्रेकाचा धागा हाती नसताना सरसकट भिंती-फरश्यांचे स्वॅब घेऊ नयेत, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. आपल्याकडे तरी घेतले जातात, कारण स्वॅब घेतले की काहीतरी केल्यासारखं दिसतं.)

"पण मॅडम, अँटिबायोग्रॅम जुळतो ना?" हा दुसरा प्रश्न. अँटिबायोग्रॅम म्हणजे जंतूवर कोणती औषधं चालतात त्याचा तक्ता. एके काळी त्याला थोडा अर्थ होता. आज अतिदक्षता विभागातल्या असिनेटोबॅक्टर या जंतूचे दहा रिपोर्ट शेजारी ठेवा. कोलिस्टिन या औषधाची ओळ सोडली तर दहाही कागदांवर वरपासून खालपर्यंत 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषधाला न जुमानणारा. सगळ्या शाळांचा गणवेश एकच झाला, तर कपड्यांवरून पोर कुठल्या शाळेचं ते कसं कळणार? उलटही होतं. एकच स्ट्रेन, म्हणजे एकाच घरचा जंतू, या खाटेवरून त्या खाटेवर जाताना एखादा प्लाझ्मिड (डीएनएचं सुटं कडं) उचलतो किंवा टाकतो, अँटिबायोग्रॅम बदलतो, आणि आपण म्हणतो की हा वेगळा.

ही शोधाशोध काल-परवाची नाही. बाळंतरोगाने बायका मरत होत्या त्या काळात, १९३५ साली, लंडनच्या क्वीन शार्लट्स रुग्णालयाच्या कामातून डोरा कोलब्रुक या बाईंनी एक अहवाल दिला. बाळंतिणीच्या शरीरातला स्ट्रेप्टोकॉकस आणि तिच्या आसपासच्या माणसांच्या घशातला स्ट्रेप्टोकॉकस यांचे सीरमच्या साहाय्याने प्रकार पाडून त्यांनी ते जुळवले. कित्येकदा जुळणारा जंतू बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरच्या किंवा सुईणीच्या घशात निघाला. प्रसूतीच्या वेळी तोंडाला मास्क का, या प्रश्नाचं एक उत्तर त्या कामात आहे. तेव्हा पेनिसिलिन वापरात आलं नव्हतं, डीएनएची रचना कुणाला ठाऊक नव्हती. होता तो घशांचा आणि जंतूंचा नीट ठेवलेला हिशेब.

आपल्या देशातही ही परंपरा होती, आणि ती माझ्या पिढीने पाहिली आहे. स्टॅफिलोकॉकसच्या फाज टायपिंगचं (जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंच्या, म्हणजे फाजच्या, मदतीने प्रकार पाडण्याचं) राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या मौलाना आझाद महाविद्यालयात, साल्मोनेलाच्या फाज टायपिंगचं लेडी हार्डिंगमध्ये, साल्मोनेलाच्या सीरोटायपिंगसाठी (सीरमने प्रकार पाडण्यासाठी) कसौली. आम्ही छोट्या कुप्यांत अगारचे स्टॅब भरायचो, बुचावर मेण लावायचो, कापसात गुंडाळून पार्सल करायचो. उत्तर टपालाने यायचं आणि यायला महिने लागायचे. तोवर उद्रेक विझलेला असायचा. तरी पाठवायचो. पाठवायचं म्हणजे आधी ठेवायला लागायचं, आणि ठेवायची सवय हाडात मुरायची. पुढे फाज टायपिंग मागे पडलं आणि त्याच्याबरोबर ती सवयही गेली.

नंतर आलेली पल्स्ड फील्ड जेलची पद्धत, पीएफजीई, १९८४ ची. जिवाणू अगारोजच्या वडीत बसवायचा, तिथेच फोडायचा, त्याचा डीएनए एका एन्झाइमने मोजक्याच ठिकाणी कापायचा. तुकडे इतके मोठे होतात की साध्या जेलमध्ये सरकत नाहीत, म्हणून विजेची दिशा सतत बदलत त्यांना अठरा-वीस तास चालवायचं. शेवटी पट्ट्या दिसतात. १९९५ मध्ये टेनोव्हर आणि सहकाऱ्यांनी त्या वाचायचे नियम घालून दिले. सगळ्या पट्ट्या जुळल्या तर एकच, दोन-तीनचा फरक असेल तर जवळचं नातं, चार ते सहा असेल तर कदाचित, सात किंवा अधिक असेल तर परकं. पुढची वीसेक वर्षं जगभर याच नियमांवर माणसं, नळ आणि औषधाच्या बाटल्या दोषी किंवा निर्दोष ठरल्या.

आणि आता अख्खा जिनोम, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, अक्षर न् अक्षर वाचता येतो. क्लेब्सिएलाचा साधारण ५० लाखांहून अधिक अक्षरांचा. याने नेमकं काय बदललं, हे अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच (सरकारी आरोग्य संशोधन संस्था) क्लिनिकल सेंटरमध्ये २०११ साली जे घडलं त्यावरून सांगते, कारण ते रुग्णालय साधनांनी समृद्ध होतं आणि तरीही फसलं. जूनमध्ये न्यूयॉर्कहून एक रुग्ण तिथे आली. तिच्या अंगात कार्बापेनेम या जबर अँटिबायोटिकला न जुमानणारा क्लेब्सिएला आहे हे आधीच माहीत होतं. तिला पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवलं, गाऊन, हातमोजे, सगळं काटेकोर. १५ जुलैला ती घरी गेली. कुणालाही लागण झालेली दिसत नव्हती. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका रुग्णात तसाच जंतू सापडला. मग आठवड्याला एक या गतीने आणखी. एकूण १८ रुग्णांना लागण झाली, ११ दगावले, त्यांतले ६ मृत्यू या जंतूच्या खात्यावर लिहिले गेले.

दुसऱ्या रुग्णाला जंतू पहिलीकडूनच आला की बाहेरून नवा आला? हा प्रश्न तिथे जुन्या पद्धतींनी सुटणारा नव्हता. अमेरिकेतल्या अशा क्लेब्सिएलांत तेव्हा एकाच घराण्याचा, एसटी २५८ चा, सुळसुळाट होता (ही एसटी म्हणजे सीक्वेन्स टाइप, घराण्याचा नंबर). पट्ट्या जुळणारच होत्या, जुळण्याला किंमत नव्हती. जिनोम वाचल्यावर मोजक्या अक्षरांच्या फरकांवरून वंशावळ मांडता आली. सगळे जंतू पहिल्या रुग्णाचेच वंशज होते, आणि तिच्याकडून ते एकदा नव्हे, तीन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडले होते. मधल्या तीन आठवड्यांत जंतू नाहीसा झाला नव्हता. तो लक्षणं नसलेल्या माणसांच्या अंगावर मुकाट बसून होता. सिंकच्या निचऱ्यात तो सापडला, स्वच्छ करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवरही सापडला. मग त्यांनी भिंत बांधली, नळजोडणी उखडली, हात धुतात की नाही हे बघायला माणसं उभी केली. हे सगळं करता आलं, कारण पहिल्या रुग्णाचे नमुने फ्रीझरमध्ये होते. ती जुलैत घरी गेली तेव्हाच तिच्या प्लेट्स ऑटोक्लेव्ह झाल्या असत्या, तर ऑगस्टमध्ये कशाशी ताडून पाहणार होते?

एसटी २५८ ची अडचण आपल्यालाही आहे, घराणी तेवढी वेगळी. भारतात एसटी २३१, एसटी १४७ अशी काही घराणी इतकी पसरली आहेत की "दोन्ही एसटी २३१ निघाले" याने फारसं काही सिद्ध होत नाही. हे घराणं ठरवणारं सात जनुकांचं टायपिंग, एमएलएसटी, देशभराचा नकाशा काढायला ठीक आहे. एका वॉर्डातला उद्रेक सोडवायला बहुधा पुरत नाही.

आता दुसरी गोष्ट, केंब्रिजची, तीही २०११ चीच. तिथल्या रोझी रुग्णालयात बाळांच्या विशेष कक्षात एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, पसरला. कक्षाची साग्रसंगीत सफाई झाली. शेवटचं बाधित बाळ घरी गेल्यानंतर ६४ दिवसांनी पुन्हा एका बाळात एमआरएसए सापडला. आपण काय म्हटलं असतं? नवा आला, दोन महिने झाले की. जिनोमने दाखवलं की तोच होता. मग १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि एकाच्या अंगावर तो निघाला. पुढचं वाक्य मी मुद्दाम सावकाश लिहिते आहे. त्या कर्मचाऱ्याला उपचार देऊन जंतूमुक्त करण्यात आलं. नाव बाहेर आलं नाही.

आपल्याकडे स्वॅब द्यायला कर्मचारी का टाळतात, याचं उत्तर मला त्या सिस्टरच्या बदलीपासून माहीत आहे. सापडला तर बदली, विभागीय चौकशी, आणि कंत्राटी मामा किंवा मावशी असतील तर उद्यापासून येऊ नका. खरी गोम अशी की जंतू जुळला तरी हात दोषी ठरत नाही. बाळाकडून हाताला आला की हाताकडून बाळाला गेला, हे पट्ट्या सांगत नाहीत. जिनोमसुद्धा दर वेळी ठामपणे सांगत नाही. नातं सांगतो, दिशा सांगायला ड्यूटीचा तक्ता, खाटांचा नकाशा आणि शहाणपण लागतं. ज्या वॉर्डात साठ बाळांमागे दोन सिस्टर आहेत तिथे हात धुतले गेले नाहीत तर तो त्या हातांचा गुन्हा आहे की मंजूर पदं न भरणाऱ्यांचा, हे कुठल्याच सीक्वेन्सरला दिसत नाही.

माणसांवरून नजर काढून बाटल्यांकडे वळवायलाही टायपिंग लागतं. बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा जंतू रक्तात सापडला की जुन्या मायक्रोबायोलॉजिस्टचे कान टवकारतात, कारण तो बहुतेकदा कुठल्यातरी द्रावणातून येतो. मुंबईत केमोथेरपीच्या डे-केअर विभागात असाच उद्रेक झाला होता, २०१५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. उगम निघाला मळमळ थांबवणाऱ्या इंजेक्शनमध्ये, आणि ते कारखान्यातूनच दूषित आलेलं होतं. २०२३ सालची अमेरिकेतली घटना तर तुम्हाला आठवत असेल. डोळ्यांच्या थेंबांतून स्यूडोमोनास हा जंतू पसरला. १८ राज्यांत ८१ रुग्ण, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळाच काढावा लागला, चार मृत्यू. एका राज्यात दोन, दुसऱ्यात पाच असे विखुरलेले ते रुग्ण एकाच माळेचे मणी आहेत हे जंतूंच्या टायपिंगवरून कळलं, आणि उघडलेल्या बाटल्यांतला जंतू त्यांच्याशी जुळला. ते थेंब तामिळनाडूत बनवलेले होते. परदेशी पाठवलेल्या औषधातला दोष तिकडच्या प्रयोगशाळांनी पकडला. इथे विकलेल्या औषधात तसा दोष असेल तर कोण पकडणार? आपण तर बाटली त्याच रात्री फेकतो.

आता मागणी.

रक्त आणि मणक्याच्या पाण्यातून उगवलेला प्रत्येक जिवाणू, आणि अतिदक्षता, नवजात, जळीत व डायलिसिस विभागांतला कार्बापेनेमला न जुमानणारा प्रत्येक जिवाणू, निदान दोन वर्षं ठेवा. ग्लिसरॉल घातलेल्या ब्रॉथमध्ये (जंतूंच्या पातळ खाद्यात), उणे ७० किंवा ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. एका खोक्यात ८१ कुप्या बसतात. कोविडच्या आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभारताना अनेक महाविद्यालयांत असे फ्रीझर आले. त्यांच्यात आता काय आहे ते जरा उघडून बघा. फ्रीझर नसेल किंवा तुमच्या गावची वीज आमच्या गावासारखी असेल, तर स्टॅब करा. क्लेब्सिएलाच्या कुळातले जंतू घट्ट बुचाच्या कुपीत, अंधाऱ्या कपाटात, वर्षानुवर्षं जगतात. कुपीवर नंबर, वहीत तारीख, वॉर्ड, खाट. बस.

"नियमात बसत नाही" असं कुणी म्हणालं तर २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम पुन्हा वाचायला सांगा. प्रयोगशाळेचा कचरा तिथेच निर्जंतुक करून मग द्यावा असं ते म्हणतात. जपून ठेवलेला जिवाणू कचरा नसतो.

उद्रेकाचा संशय आला की धुरीआधी बाटल्या बाजूला काढा. उघडलेलं सलाइन, मल्टिडोस व्हायल, सक्शनचं पाणी, ह्युमिडिफायरचं पाणी, बॅच नंबरसकट, फ्रिजमध्ये. विभाग रिकामा करण्याची घाई सगळ्यांना असते, आणि पुरावा त्या घाईतच जातो. (फॉर्मॅलिनची धुरी एकदाची बंदच करा. कॅन्सरकारक आहे हे ठाऊक असून आपण ती पूजा घातल्यासारखी घालतो.)

आणि संसर्ग नियंत्रण समितीच्या पुढच्या बैठकीत एक ठराव करा की कर्मचाऱ्याच्या स्वॅबचा निकाल फक्त मायक्रोबायोलॉजी विभाग आणि तो कर्मचारी यांच्यातच राहील, आणि त्यावरून कुणावरही कारवाई होणार नाही. हा ठराव नसेल तर बाकीचं करू नका, कारण कुणी खरा स्वॅब देणार नाही.

टायपिंग कोण करणार? सगळ्यांनी सीक्वेन्सर घ्यावा असं मी म्हणत नाही. धूळ खाणाऱ्या यंत्रांची आपल्याकडे वाण नाही. पहिली चाळणी म्हणून इआरआयसी-पीसीआर, म्हणजे डीएनएच्या पट्ट्या काढण्याची एक सोपी पद्धत, विभागातच होते. पीसीआर यंत्र आणि साधी जेल पुरते, फक्त सगळे नमुने एकाच वेळी, एकाच जेलवर चालवा, वेगवेगळ्या दिवसांच्या पट्ट्या ताडत बसू नका. त्यातून जे संशयित उरतील ते जिनोमसाठी पाठवा. डिसेंबर २०२० मध्ये करोनाच्या सीक्वेन्सिंगसाठी देशाने प्रयोगशाळांचं जाळं उभं केलं. सुरुवातीच्या दहांतल्या दोन, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही) आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र (एनसीसीएस), आपल्या पुण्यातच आहेत. मुंबईत कस्तुरबा रुग्णालयात २०२१ मध्ये सीक्वेन्सिंगची प्रयोगशाळा सुरू झाली. विषाणूसाठी जे वर्षभरात जमलं ते वॉर्डातल्या जिवाणूसाठी जमवायला तुम्ही अधिष्ठाता मंडळींनी एकत्र मागितलं पाहिजे. एकेकट्याच्या पत्राचं काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

त्या तीन कुप्यांचं सांगायचं राहिलं. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात कपाट आवरताना सापडल्या, माझ्या त्या रेसिडेंटच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. उणे ८० नाही, उणे काहीच नाही, मराठवाड्याचे कित्येक उन्हाळे त्यांनी लाकडी कपाटात काढले होते. सहज म्हणून मॅकाँकीवर (जंतू उगवायच्या एका अगारवर) रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही प्लेट्स गुलाबी, चिकट, भरभरून. मी विभागाला लेखी देऊन त्या पुन्हा नव्या स्टॅबमध्ये घालून आले आहे. जिनोम कुणी करणार असेल तर नंबर वहीत आहे. अहवाल दुरुस्त करायला मी आजही सही द्यायला तयार आहे.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका